चपलांच्या कपाटातली करंदी

“आगोट आली गो बायांनो, पाण्याआधी पोटाचं बघा! करंदी घ्या, जवळा घ्या, बोंबील सुकला कोवळा घ्या!”

धोंडूबाई कोळणीचा हा आवाज हौसाच्या कानात अजून तसाच आहे. चैत सरून वैशाख लागला की ती डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून यायची. पाटी दिसायच्या आधी वास यायचा. वास आला की पोरं धावायची आणि बाया सुपात तांदूळ घेऊन ओट्यावर बसायच्या. सूपभर तांदूळ द्यायचे, सूपभर सुकट घ्यायची. मग पावसात खाडी खवळो, ताजी मासळी महाग होवो, नाहीतर मिळेनाशी होवो, घर त्या सुक्यावर तरून जायचं. त्याला आगोटीची बेगमी म्हणत. त्याची लाज वाटायची असते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

तो बांध आता नाही. शेत बिल्डरला गेलं आणि त्यावर नारपोलीच्या यंत्रमागांची खडखड खिडकीतून ऐकू येईल अशी उंच इमारत उभी राहिली. शेताच्या बदल्यात मिळालेल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात हौसा, मुलगा प्रितेश आणि सून विनिता राहतात. नवरा हिरामणने ह्या घराची चावी पाहिली नाही; ती यायच्या आधीच तो गेला.

यंदाही हौसाने पडघ्याच्या बाजारातून आगोट भरली. करंदी म्हणजे सुकी कोळंबी, शिवाय जवळा, बोंबील. सूप कमरेवर घेऊन ती ऊन दाखवायला गच्चीवर निघाली, तर जिन्यातच रामू वॉचमनने हात आडवा केला.

“मौसी, ऊपर मत सुखाओ. कंप्लेंट आती है.”

“कोनाची कंप्लेंट? उनाची?”

रामू बिचारा हसला, पण हात काढला नाही. हौसा भरलं सूप घेऊन परत आली. तिच्या पायाला जिना लागत नव्हता, जिन्याला तिचा राग लागत होता.

“आई, रामू बरोबर बोलला,” तिने सांगितल्यावर प्रितेश म्हणाला. तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो आणि घरातही शर्टाची घडी मोडू देत नाही. “समोरच्या रूपाभाभी दोनदा बोलल्यात मला. वास येतो म्हणून.”

“मंग तू काय सांगितलंस?”

प्रितेश मोबाइल बघू लागला. त्याने काय सांगितलं होतं ते विनिताला माहीत होतं. ‘आमच्याकडे मासे-बिसे नसतातच भाभी, आम्ही कधीच सोडलं,’ असं तो ह्या घरात आल्या आल्या सांगून बसला होता. आणि रोज ताटात वाढलेली सुकट भाकरीच्या तुकड्याने पुसून खात होता. विनिताने ते ऐकलं होतं, सासूला सांगितलं नव्हतं. घर दोघांचं भांडण झेलायला लहान पडतं.

विनिता महामार्गावरच्या एका गोडाउनमध्ये पॅकिंगला जाते. शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची. म्हणून तिने हवा ओढून पिशवी बंद करायचं मशीन आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती मोड आलेले वाल सोलायची, बिरड्याचं वाटण करायची आणि घरातल्या माणसांच्या मापाने पिशव्या भरायची. वाटण ओलं, मशीन ते वर ओढतं, म्हणून आधी फ्रीजरमध्ये घट्ट करून घ्यायची. मशीन घुंऽऽ करायचं आणि पिशवी वालांना ओल्या लुगड्यासारखी चिकटून बसायची. हौसाला पहिल्यांदा हसू आलं होतं.

“काय गो हे, वालांचा श्वासच काढून घेतलास!”

“म्हणून तर टिकतात आई.”

“मानूस न्हाय टिकत असा.”

पण आत्ता, भरलं सूप ओट्यावर आदळलेलं पाहून विनिताच पुढे झाली.

“आई, आणा इकडे. ह्यात भरू. पावसात नरम पडणार नाही, किडा लागणार नाही. आणि वासही आतच राहील.”

“नरम पडनार न्हाय हे बरं. पन वास कोंडायचा? वास काय चोर हाय?”

“चोर नाही हो. पण आपल्या घरात त्याच्यामागे पोलीस लय,” विनिता प्रितेशकडे बघून म्हणाली.

हौसा हसली नाही, पण तिने सूप पुढे सरकवलं. बोंबील पिशवीत आडवे निजले. जवळ्याची वीट झाली. करंदीची पिशवी मशीनने इतकी आवळली की एकेका करंदीचा डोळा बाहेरून मोजता यावा. सगळ्या पिशव्या झाकणाच्या डब्यात गेल्या, डबा ओट्याखाली. प्रितेशने नाक पुढे करून वास घेतला, मान हलवली. घरात दोन दिवस शांतता होती.

तिसऱ्या दिवशी हौसाला करंदी-वांगं करायचं होतं. ओट्याखाली डबा नव्हता. फ्रीजमध्ये नव्हता, माळ्यावर नव्हता.

“विनिता, आगोट कुठं गेली गो?”

विनिता नुकती शिफ्ट करून आली होती. तिलाही ठाऊक नव्हतं; पॅसेजात वास आला होता, तो तिला घरातलाच वाटला होता. दोघींनी प्रितेशकडे पाहिलं.

“काल ऑफिसचे साहेब चहाला येणार होते ना, म्हणून जरा बाहेर ठेवला डबा. मग आत आणायचा राहिला.”

“भाईर कुठं?”

“इथेच. पॅसेजमध्ये.”

“पॅसेजात कुठं रं?”

“कपाटात.”

दाराबाहेर एकच कपाट होतं. हौसाने दार उघडलं, कपाट उघडलं. प्रितेशचे बूट, विनिताच्या ठेवणीतल्या सँडल, आणि त्यांच्या मधोमध डबा. डब्याच्या झाकणावर एक चप्पल पालथी पडली होती.

हौसा खाली बसली. चप्पल तिने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

“अन्न हाय ते,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला. “अन्न चपलांत ठेवलंस? तुजा बाप ताटाला हात जोडून जेवाय बसायचा. हीच सुकट खाऊन तू मोठा झालास. ताप उतरला की तोंडाला चव यावी म्हनून हीच मागायचास. आन् आता साहेब येतो म्हनून ती चपलांत?”

“आई, हळू बोल. दार उघडं आहे.”

“दार उघडं हाय म्हनून तं बोलते! माझं खानं लपवूनच ऱ्हायाचं असंल तं मी न्हाय ऱ्हात ह्या घरात. उद्याच अंबाडीला महादूकडं जाते. भाऊ गरीब हाय, पन त्याच्या चुलीला दार न्हाय.”

“आई, असं नका ना बोलू,” विनिता तिच्याजवळ बसली. तिने डबा उघडला आणि मान मागे घेतली. करंदीची पिशवी सैल पडली होती. मशीनने ती इतकी आवळली होती की करंदीच्या डोक्यावरचे काटेच प्लास्टिकमधून बाहेर आले होते. कोंडलेला सगळा वास त्या भोकांतून पॅसेजभर पसरला होता.

“बघ,” हौसा म्हणाली. “हिलापन न्हाय सोसलं.”

समोरचं दार उघडलं. रूपाभाभी नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या.

“प्रितेशभाई, कल से इतनी बदबू है. कहीं चूहा मरा है क्या?”

प्रितेश झटकन आईच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिला. “हां भाभी, शायद. ड्रेनेजवाले को बोला है मैंने. आज आएगा.”

विनिताने नवऱ्याकडे असं पाहिलं की लग्नात अंतरपाट धरलेला असता तर तो जळाला असता.

“ड्रेनेज नहीं है,” रूपाभाभींनी वाकून पाहिलं. “इस डिब्बे में से आ रही है. आप लोग तो खाते नहीं, पता नहीं कौन रख गया! रामू! ए रामू! ऊपर आ, ये उठाके बाहर कचरे में फेंक.”

रामू जिना चढून आला. त्याने प्रितेशकडे पाहिलं. प्रितेश शर्टाची कॉलर नीट करू लागला. रामू वाकला आणि त्याने डब्याला हात घातला.

हौसाने दुसऱ्या बाजूने डबा धरला. ती रूपाभाभींशी बोलली नाही, रामूशीही नाही. ओढाताणही केली नाही. नुसता धरून राहिली, जसं बाजारात पोराचं मनगट धरावं. तिची नजर मुलावर होती.

“सांग तिला,” ती म्हणाली. “उंदीर हाय का?”

प्रितेशने भाभींकडे तोंड वळवलं. तो हिंदीत काहीतरी बोलायला गेला, पण हिंदी सापडेना. रामूने डबा उचलायला जोर लावला, तशी हौसाही बसल्या जागेवरून थोडी ओढली गेली.

“सोड, रामू! सोड तो डबा!” प्रितेश मराठीतच ओरडला.

रामूने हात काढला. प्रितेश आईच्या शेजारी उकिडवा बसला, शर्टाची घडी मोडून.

“उंदीर न्हाय भाभी,” तो म्हणाला. “आमची सुकट हाय ती, माझ्या आयेनं भरलेली. आमी सोडलंय म्हनून सांगितलं होतं ना तुमाला? खोटं सांगितलं. रोज खातो मी. मना लय आवडते.”