झाकणावरचा नाडा

विजेची करवत वखारीत आली त्या दिवशी नाना मिस्त्री जेवला नाही. घरून आलेला डबा त्याने तसाच परत नेला आणि भागुबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलं की पोट बिघडलंय. पोटाला काही धाड भरली नव्हती. बिघडलं होतं ते निराळंच.

शहरात द्वारका नाक्याजवळ ढुंढिराजपंतांची लाकडाची वखार होती. पंत बंगले बांधायची कंत्राटं घेत आणि त्यांची दारं-खिडक्या, चौकटी, जिने सगळं या वखारीत तयार होई. नाना तिथला मुख्य मिस्त्री, तोही तीस वर्षांपासूनचा. कुठलंही नवं काम निघालं की पहिला काप नानाने मारायचा असा रिवाज होता. सागाची पहिली फळी लाकडी घोड्यावर चढे, बाकीचे सुतार हातातलं काम टाकून उभे राहत, नाना करवत कपाळाला लावी आणि काप मारी. मान म्हणायचा तो एवढाच. पण एवढ्याशा मानावर हा माणूस तीस वर्षं छाती काढून चालला होता, आणि रस्त्यात कोणी आधी रामराम घातला नाही तर दोन दिवस धुमसत बसे.

अडतीस सालच्या पावसाळ्याअखेर पंतांनी मुंबईहून ही करवत मागवली. हातात धरून चालवायची, पण वजनाला चांगली दहा शेर. मागे वायर, वर मूठ, मुठीत बटण आणि खाली भाकरीएवढं गोल दातेरी पातं. तिच्याबरोबर कंपनीचा एक एजंट आला होता, घामाघूम झालेला, कोट मात्र न काढणारा. दोन दिवस तो शिकवत राहिला. दोन्ही हातांनी धरा. बाही कोपरापर्यंत दुमडा. फळीच्या खाली हात नको. पातं पुरतं थांबल्याशिवाय करवत खाली ठेवू नका. आणि मग त्याने पात्यावरचं खालचं झाकण बोटाने मागे सारून दाखवलं. फळी आली की हे झाकण आपोआप मागे सरे, आणि फळी संपली की स्प्रिंगच्या जोराने खट्‌कन परत पात्यावर येई.

"हे झाकण म्हणजे तुमची बोटं समजा," एजंट म्हणाला. "याला कधी अडकवायचं नाही. खिळा नाही, दोरी नाही, काही नाही."

नाना खांबाला टेकून ऐकत होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्याने बऱ्याच लोकांना सांगितलं की त्या एजंटाचं आपल्याला काही कळलंच नव्हतं.

"कोण शिकतंय?" पंतांनी विचारलं. नाना खांब सोडून सरळ झाला. पंतांची नजर त्याच्यावरून पुढे गेली आणि रहेमानवर थांबली.

रहेमान सहा वर्षांपूर्वी वखारीत लागला होता. पस्तिशीचा, सडपातळ, फारसं न बोलणारा. त्याने बसवलेल्या सांध्यात नखसुद्धा शिरत नसे. नानाला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तो कधी ते तोंडाने म्हणाला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे रहेमान मनाचा मोठा होता. करवत हातात घेण्याआधी तो नानाकडे आला.

"नाना, आधी तुम्ही हात लावा. तुमच्या हाताने झालं म्हणजे बरं."

"मी जुना माणूस," नाना म्हणाला. "माझं काय काम तिथं?"

एखाद्याने उर्मटपणा केला असता तर नानाला बरं वाटलं असतं. रागाला धरायला काही मिळालं असतं. या भल्या माणसाने तेवढंही मिळू दिलं नाही.

पंधरा दिवसांत रहेमानचा हात बसला. ज्या फळीला दोन माणसांना अर्धा दिवस लागे ती तो पानसुपारी खाईपर्यंत उतरवू लागला. कापून झालं की बटण सोडायचं, झाकण खट्‌ वाजलं की करवत बाजूच्या पाटावर टेकवायची आणि पुढची फळी ओढायची. पातं आत फिरत असे, पण झाकलेलं असे. पातं थांबेपर्यंत थांबायचं हे एजंटाचं सांगणं असं हळूहळू मागे पडलं. रहेमानचे कान तेवढ्या खट्‌वर गेले होते. नानाचेही गेले होते. दिवसभर तो आवाज त्याच्या डोक्यात हातोडी मारी.

नवरात्रात पंतांनी सांगितलं, "गंगापूर रोडच्या बंगल्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करायचं. पहिला काप विजेच्या करवतीने. रहेमान मारेल. नाना, तुम्ही आता उभं राहून कशाला दमता? मी खुर्ची मागवलीय. बसून देखरेख करा."

खुर्ची दुसऱ्याच दिवशी आली. वेताची, चांगली होती. नाना तिच्यावर बसला आणि सगळी वखार आपल्याकडे बघून हसतेय असं त्याला वाटलं. कोणी हसत नव्हतं.

खंडेनवमीला वखारीत हत्यारांची पूजा असे. ती नानाकडेच होती. तेवढी अजून कोणी काढून घेतली नव्हती. करवती, रंधे, पटाश्या, वाकस ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि प्रत्येक हत्याराला लाल नाडा बांधायचा. या वखारीत त्या नाड्याचा एक नेम होता. तो हाताने सोडायचा नाही. झिजून, कुजून गळेल तेव्हा गळेल. रहेमान दर वर्षी आपली हत्यारं धुऊन पुसून स्वतः ओळीत आणून ठेवी, झेंडूही तोच आणी. त्याच्या रंध्यावर पहिल्या वर्षीचा नाडा अजून होता, रंग उडून सुतळीसारखा झालेला.

शेवटी विजेच्या करवतीची पाळी आली. कुंकू पात्याला लावायचं, तर पातं झाकणाखाली. नानाने झाकण मागे सारलं. बोट काढताच ते खट्‌कन पुढे आलं. पुन्हा सारलं, पुन्हा आलं. सुतार हसायला लागले. नानाने मग झाकण मागे ओढून नाड्याचे पाच वेढे घेतले, मुठीशी करकचून गाठ मारली आणि उघड्या दात्यांना कुंकवाची बोटं ओढली. इथपर्यंत त्याच्या मनात पाप नव्हतं, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. म्हणण्यासारखं दुसरं काहीच नाही.

दसरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडच्या बंगल्याची पहिली फळी घोड्यावर चढली. सुतार गोळा झाले. पंतांनी नारळ फोडला. रहेमानने करवत उचलली, उलटी करून पाहिली आणि ती घेऊन तो खुर्चीपाशी आला. आवाज खाली आणून, इतरांना ऐकू जाऊ नये असा, त्याने विचारलं, "नाना, हा नाडा जरा सोडू का? झाकण वरच अडकलंय."

नानाने झाकणाकडे पाहिलं. एजंटाचं बोलणं त्याला अक्षरन्‌ अक्षर आठवलं. खिळा नाही, दोरी नाही. 'सोड' एवढंच म्हणायचं होतं. त्याला काही रहेमानचा जीव नको होता. जरासा चटका बसावा, रक्ताचे चार थेंब पडावेत, पंतांनी घाबरून ते धूड पेटीत भरून मुंबईला परत पाठवावं, एवढंच त्याला हवं होतं. दुसऱ्याच्या रक्ताचे किती थेंब पडावेत हे त्याने खुर्चीवर बसून ठरवलं होतं.

"पूजेचा नाडा हाताने सोडतात का रे?" नाना मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सहा वर्षं आमच्यात आहेस, अजून एवढं ठाऊक नाही?"

सगळे वळून बघू लागले. रहेमानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चुकलं नाना," तो म्हणाला. "माफ करा."

त्याने पहिला काप मारला. सुतारांनी वाहवा केली. पंत खूश होऊन कचेरीत गेले. रहेमान सांभाळून करत होता. बटण सोडल्यावर तो करवत अंगापासून लांब धरून उभा राही, पातं पुरतं थांबे, मगच ती पाटावर टेकवी. दहा शेर वजन असं धरून त्याचे दंड थरथरत होते. एक फळी, दुसरी, तिसरी. नाना खुर्चीवरून बघत होता. खट्‌ वाजत नव्हतं. वखारीत इतकी माणसं होती, पण ते वाजत नाही हे फक्त दोघांना कळत होतं.

सातव्या फळीला काप संपला, रहेमानने बटण सोडलं, आणि नानाने हाक मारली, "रहेमान, तो तुकडा बघू इकडे!"

नाना पुढे म्हणे की हाक सहज मारली. कोणी मानायचं ते मानो. तीस वर्षांत त्याने करवत हातात असलेल्या सुताराला कधी हाक मारली नव्हती, आणि दुसऱ्या कोणी मारली तर शिव्या घातल्या होत्या.

मिस्त्रीची हाक आली की हात पुढे करायचा, ही सहा वर्षांची सवय. रहेमानने नेहमीसारखी करवत पाटावर टेकवली आणि डाव्या हाताने तुकडा उचलायला गेला. उघडं पातं फिरतच होतं. दाते पाटात घुसले, करवत उसळली आणि सरळ त्याच्या हातावर धावली.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. रहेमान खाली बसला आणि भुशात उजव्या हाताने काहीतरी चाचपू लागला. तो काय शोधतोय हे लक्षात आल्यावर एक सुतार भिंतीकडे तोंड करून ओकला. नानानेच धावत जाऊन आपलं धोतर फाडलं, हात आवळून बांधला आणि त्याला टांग्यात घातलं. त्या दिवशी सगळ्यांनी नानाचं नाव काढलं. म्हाताऱ्याने प्रसंगावधान राखलं म्हणाले.

चौथ्या दिवशी नाना मोसंबी घेऊन दवाखान्यात गेला. रहेमान कॉटवर पडून होता, हात पांढऱ्या बोचक्यासारखा उशीवर ठेवलेला. उशाशी त्याची बायको सलिमा बसली होती. नानाला बघून रहेमान उठायला लागला.

"पडून राहा, पडून राहा."

"नाना, एक विचारायचं होतं," रहेमान म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. "नाड्यावर रक्त पडलं असेल ना? पूजा नासली का? मी मुद्दाम नाही केलं. मला जिवाला लागून राहिलंय."

इथे तरी सांगता आलं असतं. पण सलिमा त्याच्याकडे बघत होती, आणि तो मोसंबी मोजून ठेवत राहिला.

"नाही नासत," तो शेवटी म्हणाला. "देव समजून घेतो." आणि निघाला.

पंतांनी करवत मुंबईला पाठवली नाही. बंगल्याची वास्तुशांत ठरलेली होती. "माणसाच्या चुकीला यंत्र काय करणार?" ते म्हणाले. "नाना, तुम्हीच चालवा आता. एजंट शिकवत होता तेव्हा तुम्ही होतात की तिथं. सकाळी जिन्याचं काम धरायचंय. पहिला काप तुमचा."

सकाळी नाना सगळ्यांच्या आधी आला. करवत पाटावर तशीच होती. नाडा रक्ताने वाळून कडक झाला होता. आता आपल्या बोटांचा प्रश्न आल्यावर नानाला नेम वगैरे काही आठवला नाही. त्याने गाठीला नख लावलं, नख पुरेना तर दात लावले. गाठ सैल झाली. एकेक करून पाचही वेढे उलगडले आणि झाकण पुढे आलं. खट्‌.

"सोडता येतो तो?"

दारात सलिमा उभी होती. ती रहेमानची हत्यारांची पेटी न्यायला आली होती. विकायचीच होती आता, पण घरी नेऊन विकायची होती. नानाच्या हातात नाडा लोंबत होता आणि ओठाला त्याचा लाल भुगा लागला होता.

"ते तापात बरळतात," सलिमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सारखं एकच. नाना म्हणाले सोडायचा नसतो, नाना म्हणाले सोडायचा नसतो. मी म्हटलं, असेल बाई तुमच्या कामात असं काही. मला काय कळतं?"

"सलिमा, अगं, ते..." नाना म्हणाला.

तिने कोपऱ्यातली पेटी ओढली, उघडली आणि रहेमानचा रंधा बाहेर काढला. त्यावरचा सहा वर्षांचा नाडा तिने चिमटीत धरून ओढला. तो इतका जुना होता की लगेच तुटला. तो तिने नानापुढे पाटावर ठेवला, अगदी नीट, सरळ करून.

"हा पण तुमचाच," ती म्हणाली. पेटी डोक्यावर घेऊन ती गेली.

सुतार यायला लागले. फळी घोड्यावर चढली. पंत नारळ घेऊन आले आणि म्हणाले, "हां नाना, करा सुरू." सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले, पहिल्यासारखे. नानाने बाही कोपरापर्यंत दुमडली, एजंटाने दाखवली होती तशी दोन्ही हातांनी करवत धरली, आणि पहिला काप मारला.