शिरीषभावोजींचं जाकीट

माझे धाकटे दीर शिरीष पुण्याहून नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला आमच्याकडे आले, त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि त्यांनी जेवताना माझ्या नातीला, संहिताला, ती गोष्ट सांगितली. सांगणारच होते. गेल्या चौपन्न वर्षांत आमच्याकडचं एकही लग्न, एकही मुंज त्या गोष्टीशिवाय पार पडलेली नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. माझे वडील आलापल्लीच्या जंगलात रेंजर. शेतं उकरणाऱ्या एका रानडुकराच्या शिकारीचा परवाना निघाला होता. हाकारे ओरडत जनावर पुढे आणत होते, आणि मी नि भावोजी झुडपाआड बसलो होतो. "डुक्कर समोर आलं आणि वहिनी किंचाळल्या," असं भावोजी सांगतात, आणि सगळे हसतात. ते डुक्कर उलटं फिरलं आणि एका हाकाऱ्याची मांडी फाडून गेलं, हे ते सांगत नाहीत.

मी किंचाळले नव्हते. भावोजींच्या अंगात नवंकोरं नायलॉनचं विंडचीटर होतं. वडिलांनी देऊ केलेला लोकरी कोट त्यांना जुनाट वाटला होता. त्यांनी हात हलवला आणि विंडचीटर पापडासारखं वाजलं. आवाज कुणी केला, असं वडिलांनी विचारलं तेव्हा भावोजी माझ्याआधी बोलले. जावयाच्या भावाचा शब्द मुलीचे वडील कसे खोटा ठरवणार? मी नवऱ्याला खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "जाऊ दे, लहान आहे तो." नऊ वर्षांची असल्यापासून मला रानात नेणाऱ्या माझ्या वडिलांनी मला पुन्हा कधी नेलं नाही. चार वर्षांनी ते गेले. मुलगी ऐनवेळी घाबरली, हेच खरं धरून गेले.

आमच्या शेजारचा हेंक डिसेंबरात कुत्रा घेऊन पायी सशांच्या शिकारीला जातो. त्याने माझ्या मुलाला, गौरवला, आणि भावोजींना नुसतं बघायला बोलावलं.

"वहिनी, जाकीट घ्यायला तुम्हीच चला," भावोजी म्हणाले. "किंचाळलात तरी रेंजरची मुलगी आहात."

दुकानातल्या मुलीने त्यांना योग्य तोच कोट दाखवला होता. हिरवट, लोकरीचा, मऊ. मी बाही अंगठ्याने घासून पाहिली. काही आवाज नाही.

"हा तर वॉचमनचा वाटतो," भावोजी म्हणाले. "आणि थंडीचं काय? बाहेर दोन डिग्री आहे."

वडील म्हणायचे, पायी शिकारीला निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर कपडे जास्त झाले. चालून घाम येतो, मग उभं राहिलं की तोच घाम गारठवतो. पण पुण्याच्या माणसाला थंडी बाधेल म्हटलं की तो गादीसुद्धा पांघरून निघेल.

मी पलीकडचं पिसं भरलेलं, चकचकीत, काळं जाकीट काढलं. त्याचीही बाही घासून पाहिली. ती चांगलीच वाजली.

"हे घ्या. आणि एक नंबर मोठं घ्या, आत दोन स्वेटर बसतील."

"आता कसं बोललात," भावोजी आरशात बघत म्हणाले.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी असं वागावं का, हा विचार परतताना बसमध्ये एकदा आला. दुसऱ्यांदा आला नाही.

शनिवारी दुपारी दोघं परतले, तसे आम्ही सगळे जेवायला बसलो; संहिताही होती. भावोजी नाक पुसत होते.

"अर्ध्या तासात काका घामाने भिजले," गौरव सांगू लागला. "आणि पाऊल टाकलं की ते जाकीट वाजायचं. ससे शंभर पावलांवरूनच पळत होते. हेंक सगळ्यांसमोर म्हणाला, जाकीट काढ, नाहीतर गाडीत जाऊन बस. काढलं तर काका कुडकुडायला लागले. मग तीन तास गाडीत."

"जाकीट वहिनींनी निवडलंय," भावोजी म्हणाले.

"आई, तुला तर यातलं कळतं ना?"

"कळतं. म्हणून तर निवडलं," मी म्हटलं. "भावोजी, आवाज कुणाचा होता ते हेंकने तोंडावर सांगितलं. तिथे आलापल्लीत कुणी सांगितलं नाही. आता तुम्ही सांगा."

गौरव माझ्याकडे पाहत राहिला. भावोजींनी पानातला भात बोटांनी गोळा केला, पसरला, पुन्हा गोळा केला.

"एवढी जुनी गोष्ट, वहिनी..."

"गेल्या रविवारी सांगितलीत. मला काही ती जुनी वाटली नाही."

मग ते ताटात बघत म्हणाले, "वहिनी किंचाळल्या नव्हत्या. माझं विंडचीटर वाजलं होतं."

संहिताने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. "संहिताला मराठी जरा हळू बोललेलं कळतं."