पांढऱ्या चादरीखालचा लॅपटॉप

दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीशी एकेक मेलेला लॅपटॉप होता. सगळे एकाच कंपनीचे, शिक्षण खात्याने शिक्षकांना वाटलेले. सोमवारी खात्याने अपडेट पाठवलं आणि पडदे पटापट काळे झाले. खात्याचा फोन कोणी उचलेना. मग काय, चमत्कार तिथे नमस्कार!

आत 'प्राणदाते' बसले होते. गेल्या वर्षापर्यंत हा गृहस्थ मोबाइलची कव्हरं विकायचा. आता तो लॅपटॉपवर पांढरी चादर टाकी, दोन्ही हात चादरीखाली घाली, डोळे मिटून पुटपुटे आणि काही मिनिटांत चादरीतून उजेड फाके. पदवीधर माणसं टाळ्या वाजवत.

धाकटी धापा टाकत पोचली तेव्हा तिच्या ताईचा नंबर आला होता. धाकटीही शिक्षिका होती, शाळेत कॉम्प्युटर शिकवी. तिचा स्वतःचा लॅपटॉप असाच काळा पडला होता आणि सकाळीच तिने तो स्वतः सुरू केला होता.

"ताई, थांब! तो मेलेला नाहीये. खाली हात लावून बघ, गरम आहे. प्रेत कधी गरम असतं का? घरी चल, दहा मिनिटांत सुरू करून देते. याच्याकडून आलेले सगळे कोरे होऊन आलेत गं!"

ताईने लॅपटॉप आणखी घट्ट धरला. त्यात भाऊजींचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात त्यांनी लेकीसाठी एकोणीस गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. लेक चार वर्षांची होती आणि बाबांचा चेहरा तिला आताच नीट आठवत नव्हता.

"दुपारी बाराच्या आत प्राण फुंकला नाही, तर माझाही इलाज नाही," प्राणदाते म्हणाले.

"आतलं सगळं राहील ना?" ताईने विचारलं.

"जे तुमचं आहे, ते तुमच्यापाशीच राहील."

"हे काय उत्तर झालं?" धाकटी ओरडली. "ताई, माझं ऐक!"

"तुझं ऐकलं होतं एकदा," ताई शांतपणे म्हणाली. "ह्यांचं अंग गरम आहे, म्हणजे बरे होतील, असं तूच म्हणाली होतीस."

खरं होतं ते. तेव्हा ताईला धीर द्यायला धाकटी वाटेल ते बोलली होती आणि आज ती अक्षर न् अक्षर खरं बोलत होती, तर त्याला काडीची किंमत नव्हती.

चादर पडली. पुटपुट झाली. उजेड फाकला, टाळ्या कडाडल्या. धाकटीने पुढे होऊन चादर ओढली. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा पेनड्राइव्ह खोचलेला होता.

"हा बघा यांचा मंत्र!" ती रांगेकडे वळली. "बटण दाबलं की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो कर्नलला, म्हणजे सगळं यंत्र हाकणाऱ्या मुख्य प्रोग्रामला, उठवतो आणि त्याच्या हातात एक यादी देतो. पडदा कुठे जोडलाय, कळफलक कुठे. आपल्या या एआरएम चिपच्या लॅपटॉपमध्ये कर्नलला बहुतेक भाग स्वतःहून शोधता येत नाहीत. यादीत असेल तेवढंच त्याला दिसतं. खात्याने चुकून दुसऱ्या मॉडेलची यादी पाठवली. कर्नल उठतो, पण पडदाच सापडत नाही, म्हणून अंधारात बसून राहतो. एक यादी बदलली की झालं! यांना तेवढंही येत नाही. यांच्या पेनड्राइव्हमध्ये बरोबर यादीसकट आयती सिस्टिम आहे, ती हे सरसकट सगळ्यावर ओततात. आजार म्हशीला, औषध पखालीला!"

ताई पडद्याकडे बघत होती. तिथे कोऱ्या लॅपटॉपचं 'स्वागत आहे' झळकत होतं. तिने एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं.

"गोष्टी कुठे आहेत?"

"नवा प्राण आला की जुनं धुऊन निघतं, ताई," प्राणदाते पेनड्राइव्ह खिशात घालत म्हणाले.

"परत आणता येतील?" हे तिने बहिणीला विचारलं.

या डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात कुलूपबंद असतं आणि डिस्कबरोबर ते उघडणारी किल्लीही पुसली गेली होती. खोटा धीर द्यायची वेळ पुन्हा आली होती. धाकटीने या वेळी तो दिला नाही.

"नाही, ताई."

रांगेत मागून आवाज आला, "अहो, तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा ना!" आणि एका बाईंनी आपला लॅपटॉप टेबलावर ठेवलासुद्धा. प्राणदात्यांनी चादर झटकली.

ताईने ती चादर त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या बाईंचा तळवा धरून लॅपटॉपच्या पोटाखाली टेकवला.

"गरम लागतंय?"

"हो की!"

"मग उचला आणि माझ्या बहिणीकडे द्या. ती सगळ्यांसमोर करेल, काय करते ते सांगेल, आणि नाही जमलं तर नाही म्हणेल." ताई रांगेकडे वळली. "हात झाकून काम करणाऱ्याच्या हाती आपलं काही देऊ नका. आधी विचारा, काय करणार, कसं करणार. मी विचारलं, पण उत्तर न मिळताच लॅपटॉप दिला. आता घरी जाऊन पोरीला काय ऐकवू?"

बाईंनी लॅपटॉप उचलला आणि धाकटीपुढे धरला.