न चाखलेला चमचा

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही चिमूटभर साखर तोंडात टाकलीत आणि वाळू चघळल्यासारखं वाटलं. लिंबू चोखलंत, तर नुसतं पाणी. एका आईचं असंच झालं होतं. मोठ्या तापातून ती उठली खरी, पण जिभेची चव गेली ती गेलीच.

मग स्वयंपाक करायचा कसा? तिने लेकीला हाताशी घेतलं. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ! आई चमचा पुढे करायची, भिंगरी चाखायची. "आंबट झालंय." "आता जरा गोड." "हं, आता पोटात ऊब आली." असं करत करत दोघींनी चार-दोन नवे पदार्थ बसवले. भाजलेल्या भोपळ्याचं सूप तर बाबांना इतकं आवडलं, की आईने धीर करून आत्याला जेवायला बोलावलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"हे जमलं ना, तर मी पुन्हा पहिल्यासारखी," ती म्हणाली.

नेमका त्या दिवशी खिडकीखाली रोडरोलर आला.

"भिंगरे, मीठ बघ गं."

सूप कढत होतं, रोलर वळत होता आणि भिंगरीचा सगळा जीव खिडकीत. फुंकत बसायला वेळ कुणाला! भिंगरीने चमचा बेसिनमध्ये रिकामा केला. "अजून घाल."

"नक्की? मी घातलंय हं."

"घाल गं आई!"

जेवताना आत्याने पहिला घोट घेतला आणि थेट पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"वहिनी, मिठाचा डबा पालथा केलात की काय?"

"भिंगरीला समुद्र बघायचा होता, घरीच आणला," बाबा म्हणाले.

आईही हसली, पण तिचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. जिभेला चव नाही, तर कशाला हा आटापिटा? उद्यापासून जेवण बाहेरून मागवू या."

भिंगरीचे कान तापले. आई रागावली असती तरी चाललं असतं. पण आईने तिचं नावसुद्धा घेतलं नाही. उलट पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तू नुसता पाव खा हं." तो हात भिंगरीला सोसवेना. तिची मान वर होईना. बोलावं तर आत्या काय म्हणेल? गप्प बसावं तर आई उद्यापासून स्वयंपाकच सोडेल.

आई सुपाचं पातेलं उचलून आत गेली.

भिंगरी उठली. आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, आईचं नाही चुकलं. मी चाखलंच नव्हतं. चाखलं म्हणून खोटं सांगितलं."

कुणी काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरात धावली. आई पातेलं बेसिनमध्ये ओतणारच होती. भिंगरीने दोन्ही हातांनी तिचा हात धरला, रडत रडत तिलाही सगळं सांगितलं, आणि टोपलीतला उरलेला भोपळा काढून ओट्यावर ठेवला. "हा घालून खारटपणा कमी करू या, आता मी खरंच चाखते."