करडा ठिपका

कार्डावरच्या चिमुकल्या पंख्याच्या पात्यावर एक केस अडकला होता – की ओरखडा होता तो? तिनं बोटाचं टोक हलकेच त्यावरून फिरवलं. ओरखडाच. बोटाला कळलं आणि मग तो डोळ्यांनाही दिसल्यासारखा झाला… हल्ली हे असंच व्हायचं. आधी हात पुढे, आणि नजर आपली मागून येऊन त्याच्या होला हो करायची.

तिनं ते जुनं ग्राफिक्स कार्ड, स्क्रीनवर चित्र उमटवणारं, मीटरच्या हातात दिलं. त्यानं ते एका यंत्रात बसवलं, नवीन कार्ड शेजारच्या यंत्रात. मीटर हे काही त्याचं नाव नव्हे. पण चहासुद्धा किती गरम आहे ते मोजून पिणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

"जुन्यात मेमरी आठ जीबी, नव्यात सोळा," तो स्क्रीनवर बघून वाचत होता. "वेग जवळजवळ दुप्पट. वीज कमी खातं, तापत नाही, पंख्याचा आवाज तर ऐकूच येत नाही. आकड्यांत नव्या कार्डानं जुन्याला पार धूळ चारलीय, मॅडम. आता फक्त तुमची नजर राहिली."

तुमची नजर. त्यांची कंपनी इस्पितळांना स्कॅन बघायची यंत्रं पुरवायची, आणि आकडे काहीही म्हणोत, कार्डानं काढलेलं चित्र शेवटी ती बघायची – छातीतला काळोख, आणि त्याच्या खालच्या कडेला, त्या काळोखाहून जेमतेम उजळ, एक करडा ठिपका. तो स्वच्छ दिसला की कार्ड पास. उद्या तो एखाद्या डॉक्टरला दिसलाच नाही तर… हे वाक्य त्या खोलीत कुणी पुरं करत नसे. साहेब बाहेरच्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या बाईंची नजर म्हणजे नजर आहे.

ती खुर्ची पुढे ओढून बसली. दोन स्क्रीन, दोन छात्या. जुन्या कार्डावर ठिपका होता. नव्यावरही होता. ती "ठीक आहे" म्हणणार तोच आतून कुणीतरी विचारलं – दिसला, की आठवला? इतकी वर्षं हेच चित्र; मध्यरात्री उठवून विचारलं तरी मी बोट ठेवीन त्या जागेवर. मग आत्ता जो दिसतोय तो स्क्रीनवर आहे की माझ्यात?

काही महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद समोर धरला होता. मधल्या रेघा वाकलेल्या, जणू कुणी मागून अंगठा दाबून धरलाय. "घरात आणखी कुणाला असं होतं?" बाईंनी विचारलं होतं आणि ती चटकन "नाही" म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती ती. खरं काय ते तिला नंतर, दवाखान्याचा जिना उतरताना आठवलं… एका पायरीवर पाय थबकला आणि आई आठवली, आईचा घामेजलेला हात, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, आणि समोर दुपारचा रिकामा वाटणारा रस्ता. "मोकळा आहे, चला," आई म्हणाली होती. भावाचा पाय नंतर कधी नीट वळलाच नाही. जमलेल्या लोकांनी मोटारसायकलवाल्याची कॉलर धरली तेव्हा तो बापडा एकच म्हणत राहिला – अहो, बाई सरळ माझ्याकडेच बघत होत्या! कुणीच त्याचं ऐकलं नाही. तिनंही नाही. आईनं सांगितलं होतं ना, मोकळा आहे म्हणून. पुढे कितीतरी वर्षांनी आई भिंतीला हात लावून चालायला लागली तेव्हाही त्या दुपारचा विषय घरात निघाला नाही. आई काढणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, असाच तो राहून गेला.

"मॅडम? पास ना?"

"थांब जरा." तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. "मी पाठ करून बसते. तू तारांची अदलाबदल कर, नाहीतर करू नकोस. कुठलं कार्ड कुठे आहे ते मला सांगू नकोस."

मागे बराच वेळ खुडबुड चालली. मग तो म्हणाला, "बघा."

ती वळली. या खेपेला घाई करायची नाही. तिनं नजर थोडी बाजूला वळवून बघितलं, हल्ली तिला तसंच जास्त दिसायचं. डावीकडे नुसता काळोख. उजवीकडे… हो, होता. खालच्या कडेला, नेहमीच्या जागी.

"उजवीकडे आहे. डावीकडे मला दिसत नाही."

मीटरनं हातातली तार खाली ठेवली.

"मॅडम, मी चित्रंच बदललीत," तो म्हणाला. "म्हटलं, परीक्षा घ्यायचीच तर नीट घेऊ. ही दोन्ही निरोगी माणसाची आहेत. ठिपका कुठेच नाही."

संपलं. आता तो विचारेल, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय, रात्री झोप झाली नाही, अशी महिनोन्‌महिने घोकून ठेवलेली उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली… पण मीटर उजव्या स्क्रीनकडे वाकला होता, नाक टेकेल इतका.

"उजवीकडे नवीन कार्ड आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे हे नसलेला ठिपका उमटवतंय! मला नाही दिसत, पण माझे डोळे कुठे तुमच्यासारखे? बाप रे… निरोगी माणसाला फाडून ठेवलं असतं याच्यापायी. बरं झालं तुम्ही होतात. मी साहेबांना सांगून येतो."

"अरे –" ती म्हणाली. एवढंच. तोवर दार मिटलं होतं.

खोलीत जुन्या कार्डाचा पंखा घरघरत राहिला. नव्याचा आवाजच नव्हता. काही बिघडलं नव्हतं त्याच्यात. एवढं चांगलं कार्ड या खोलीत आजवर आलं नसेल, आणि ते आता खोक्यात घालून परत जाईल, आणि जुनंच तापत-धापत आणखी वर्षभर चालेल. तसं पाहिलं तर यात कुणाचंच काही बिघडत नाही, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. आज नाही बिघडत. पण यानंतर येणारं कार्ड? त्याच्या पुढचं? त्यावर खरंच ठिपका बुजलेला असेल आणि ती आठवणीतून म्हणेल, आहे, पास.

काचेपलीकडे दोन आकृत्या उभ्या होत्या. हातवारे करतोय तो मीटर असणार. साहेबांचं हसणं ऐकू आलं आणि मग, अगदी स्पष्ट, "अरे, बाईंची नजर आहे ती! त्यांनी सांगितलं म्हणजे विषयच मिटला!"

पकडलं गेल्यावर काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं. न पकडलं गेल्यावर काय बोलायचं, याचा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

दार उघडलं. साहेब आत आले, तिच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याच्या जागी धूसर काहीतरी होतं, कडेला कान, खाली शर्टाची कॉलर.

"काय मग, पाठवून देऊ ना परत?"

आवाज आला तिकडे तिनं तोंड वळवलं, अगदी त्यांच्या डोळ्यांत बघितल्यासारखं. त्यांना काही कळलं नाही. ते हसतच असावेत. आणि इतके महिने ज्या एका गोष्टीच्या धास्तीनं तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या, वस्तूंच्या जागा पाठ केल्या होत्या, तीच गोष्ट आता तिला हवीशी वाटू लागली… त्यांनी हसायचं थांबवावं, जवळ यावं, आणि एकदा, नुसतं एकदाच, तिच्याकडे नीट बघावं.