बजरंगने न खाल्लेला लाडू

चाळीस उघडे पुरुष, चाळीस दोर. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका लॉन्सवर रांगेत बसून प्रत्येकजण आपल्याच पाठीवर दोर ओढत होता. फटका बसला की खुर्च्यांतल्या बायकापोरांसकट सगळा मांडव एका सुरात म्हणे, "माझी दारू मीच मारली." कित्येकांच्या पाठी फुटल्या होत्या.

व्यासपीठावर रणजित गुरुजी, कानाला माइक. "डॉक्टर नको, गोळी नको, कुणाच्या पाया पडणं नको. ओन्ली विल पॉवर. काल शपथ घेतलीत, आज तुमचा देहच दारू ओकतो की नाही बघा."

आणि देह ओकत होता. गुरुजी एकेकाला वर बोलावून अर्धा पेला देशी पाजत. थोड्या वेळात माणूस तांबडालाल होई, छाती धरी, भडाभडा ओके. मग त्याची बायको रडत गुरुजींच्या पाया पडे. ते मात्र चालत होतं.

मी जन्मभर कीर्तनं ऐकत आलोय. बुवा हसवतात, रडवतात, कान उपटतात. पण ऐकणाऱ्याचं रक्त काढत नाहीत. तरी माझा चुलतभाऊ बजरंग त्या रांगेत होता आणि त्याला आणलं होतं मीच. वीस वर्षांची दारू. गेल्या महिन्यात रक्ताची उलटी झाली. अजून प्यायला तर वर्ष काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणूस घाबरला की कुठंही जातो.

शिबिराचा तो दुसरा दिवस. सकाळपासून बजरंग घामानं निथळत होता, हातांची थरथर थांबत नव्हती. मांडवाच्या खांबाला तो "बसा की आत्या" म्हणाला, तेव्हा मी बाजूला जाऊन सुमय्याला फोन केला. ती आमच्या आळीतली, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स.

ती पोचेपर्यंत बजरंगची पाळी आली. पेला प्यायला. पाच मिनिटं, दहा, वीस. काहीच नाही. त्यानं मिशी पुसली. खुर्च्यांत कुणीतरी हसलं.

गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "ह्याच्यात संकल्पच नाही. आई कुठंय ह्याची? या, तुम्ही घाला."

तुळजाकाकू वर गेली. सत्तरीची बाई, दोर धरता येईना. "जोरात," गुरुजी म्हणाले. तिनं दोन घातले. कातडी उघडली. मग दोघं सेवेकरी सुरू झाले, आणि सातव्या-आठव्या फटक्याला बजरंग लाकडासारखा ताठ होऊन कोसळला. हातपाय झाडू लागला, तोंडातून रक्ताचा फेस आला.

"बाहेर पडतेय, दारू बाहेर पडतेय," म्हणत गुरुजींनी त्याच्या छातीवर पाय दिला.

"पाय काढा," तेवढ्यात पोचलेली सुमय्या व्यासपीठावर चढत म्हणाली. "मला काम करायचंय." तिनं बजरंगला कुशीवर वळवलं, मला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. "ही फिट आहे. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली की येते. माणूस जातो ह्यात. काकू, कालपासून काय खाल्लंय?"

"काय न्हाई गं. काल एकादस हुती. समदं सुटलं त्याचं, पर एकादस न्हाई सुटली. शपथंचा लाडूबी पिशवीत तसाच हाय."

"बाकीच्यांनी खाल्ला?"

"समद्यांनी."

सुमय्यानं ओकून पडलेल्यांचे लाल चेहरे पाहिले. वॉर्डात असे चेहरे तिनं पाहिलेले असणार. पिशवीतला लाडू काढून तिनं गुरुजींपुढे धरला.

"हा आत्ता खा. उद्या दुपारी मी येते, माझ्यासमोर अर्धा पेला घ्या. मी पीत नाही, त्यामुळे सगळा तुम्हालाच."

"माझा उपवास आहे."

"एकादशी काल झाली, गुरुजी."

गुरुजींनी दोर उचलला आणि तिच्या मनगटावर ओढला. लाडू खाली पडला. तिथं लोकांचा धीर सुटला. खुर्च्या उडाल्या. स्वयंपाकघरात बेसनाच्या डब्यामागे गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, आणि गुरुजींचा त्यांच्याच दोरानं समाचार सुरू झाला. मी अडवायला गेलो नाही. अडवलं सुमय्यानं.

"त्याला पोलिसांसाठी ठेवा," ती ओरडली. "आधी ऐका. दारू सोडवायला डॉक्टर ही गोळी देतात, पण तपासून, आणि पेशंटला सांगून. पोटात ही असताना दारू घेतली की ती नीट पचत नाही, अंगात विष साठतं. म्हणून ओकारी. लाडवातून चोरून चारून वर पेला पाजला तर हृदय बंद पडू शकतं. ज्यांनी लाडू खाल्लाय त्यांनी दोन आठवडे थेंबालाही शिवू नका, आणि आत्ता सगळे दवाखान्यात चला."

बजरंग वाचला. अकरा दिवस वॉर्डात होता. आता औषध चालू आहे, आणि दर गुरुवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो. तिथं कुणी मारत नाही, ऐकून घेतात. मध्ये एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी बैठकीत स्वतःच सांगितलं आणि पुन्हा औषधाला लागला. पाठीवरचे दोन वळ तुळजाकाकूच्या हातचे आहेत. ती रोज त्यांना तेल लावते.

मला लोक विचारतात, मनात आणलं तर दारू सुटत नाही का? मनात आणावं लागतंच. पण त्या मांडवात संकल्प असलेला माणूस एकच होता: तडफडत असतानाही ज्यानं उपास मोडला नाही. तरीही त्याचा देह कोसळला, कारण वीस वर्षं दारू पचवलेलं शरीर शपथ ऐकत नाही. त्याला इलाज लागतो. सोबतीची माणसं त्यानंतर उपयोगी पडतात, आणि खूप पडतात.

तेव्हा घरात कुणाचे हात थरथरत असतील तर त्याला शपथा घालू नका, दारू तोडून खोलीत कोंडू नका, आमच्यासारखं कुणा गुरुजीकडे नेऊ नका. आधी दवाखाना. देव तिथंही बरोबर येतो.