बनियनमधला आत्मा

घोडबंदर रोडवरच्या एका बत्तीस मजली सोसायटीच्या हिरवळीवर त्या रविवारी सकाळी अडीचशे माणसं एका बनियनसमोर हात जोडून बसली होती.

बनियन मधुकाकाचं होतं आणि ते फोटोत होतं. दाराएवढ्या मोठ्या त्या फोटोत मंदाकिनीकाकू डोंबिवलीच्या आपल्या गॅलरीत उभी होती आणि तिच्या शेजारी मधुकाका. आता मधुकाकाला जाऊन चार महिने झालेले आणि फोटो महिन्यापूर्वीचा. त्यात मधुकाका आरपार दिसत होता. मागची तुळशीची कुंडी थेट त्याच्या पोटातून डोकावत होती. उजवा हात वर, तळवा समोर.

"पाहा, आत्म्याची वस्त्रं पाहा!" दिव्यछाया महाराज माइकला ओठ टेकवून म्हणाले. "शुभ्र! परलोकात रंग नसतो. तिथं फक्त व्हायब्रेशन असतं."

"आणि खांद्याशी भोक असतं," शेवटच्या रांगेतली अंतरा पुटपुटली. काकाचं ते बनियन तिनं दोरीवर शंभर वेळा पाहिलेलं होतं. शेजारच्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प बसली.

गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं. हा सगळा घोळ तिनंच घातलेला होता. फोटो तिनं काढला होता.

मधुकाकाचा कॅमेरा म्हणजे एक काळा डबा, पुढं भिंग, वर खटका, बाजूला फिल्म सरकवायची चावी आणि पाठीला लाल काचेची इवलीशी खिडकी. त्या खिडकीत कितवा फोटो आहे त्याचा आकडा दिसायचा. "माझ्यामागं हा अंतराला," असं काकानं सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तेराव्यानंतर तो तिच्याकडे आला. आत अर्धी फिल्म शिल्लक होती. गेल्या महिन्यात अंतरानं हौसेनं काकूला गॅलरीत उभं केलं, खटका दाबला, उरलेली फिल्म इकडंतिकडं संपवली आणि ठाण्यातल्या एका लॅबमधून धुऊन आणली. पाकीट उघडलं तर तिनं काढलेल्या पहिल्याच फोटोत काका हजर!

काकूच्या शेजारी राहणाऱ्या चित्राताईंनी तो फोटो पाहिला, किंचाळल्या आणि थेट आपल्या महाराजांना फोन लावला.

तिथवर ठीक होतं. काकाच्या आठवणीनं काकूला बरं वाटत असेल तर वाटू दे, असं अंतरालाही वाटलं. पण महाराजांनी त्या वर केलेल्या हाताचा अर्थ लावला. काकूच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, यात गेलेली नजर परत येत नाही. महाराज म्हणाले, "मधुजी थांब म्हणताहेत. शस्त्र डोळ्याला लागू देऊ नका." काकूनं ऑपरेशन रद्द केलं आणि सकाळ-संध्याकाळ महाराजांचं गुलाबपाणी डोळ्यांत घालायला लागली.

"काकू, अगं नजर जाईल तुझी!"

"बेचाळीस वर्षं ह्यांचं ऐकत आले. आता हे वरून सांगताहेत, तर नाही ऐकू?"

अंतराला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. घरी जाऊन ती कॅमेरा मांडीवर घेऊन बसली. चावी फिरवली, खटका दाबला. न फिरवता पुन्हा दाबला. पुन्हा दाबला गेला. ह्या डब्याला काही पर्वाच नव्हती! चावी फिरवा, न फिरवा, खटका आपला दाबला जातोच.

आणि तिला आठवलं. लहानपणी तिनं ह्या कॅमेऱ्यानं फोटो काढून लगेच चावी फिरवली होती, तेव्हा काका ओरडलेला. "आधी चावी, मग फोटो! फोटो झाल्यावर हात नाही लावायचा." सगळं जग फोटो काढून झाल्यावर फिल्म पुढं सरकवतं. मधुकाका फोटो काढण्याआधी सरकवायचा. म्हणजे कॅमेरा तिच्या हाती आला तेव्हा खिडकीत दिसणारा पाच आकडा कोऱ्या फोटोचा नव्हताच. पाचवा फोटो काढून झालेला होता आणि त्यात काका होता. अंतरानं त्याच्यावरच काकूचा फोटो काढला.

तिनं हे काकूला चारदा समजावलं. काकू म्हणाली, "तुला सगळीकडे यंत्रच दिसतं."

मग अंतरानं समजावणं सोडलं आणि खोडी काढायचं ठरवलं. ती त्या रविवारी हिरवळीवर आली ती कॅमेऱ्यात नवी फिल्म घालूनच.

प्रवचन संपल्यावर ती हात जोडून पुढं गेली. "महाराज, ह्याच कॅमेऱ्यानं तुमचा फोटो काढू? पुढच्या रविवारी सगळ्यांना दाखवते."

महाराज काळ्या मखमली पडद्यासमोरच्या सिंहासनावर सावरून बसले. खटका. "आता जरा उभं राहून आशीर्वाद द्या ना." खटका. मग चावी फिरवून अंतरानं त्यांना परत बसवलं. आणखी एक खटका. ते उठून गेल्यावर तिनं चित्राताईंच्या पामेरियनला, मोतीला, बिस्कीट दाखवून त्याच सिंहासनावर चढवलं, स्वतः खाली वाकली आणि शेवटचा खटका दाबला. मोतीचा फोटो कशाला, असं कोणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. अंतरानं माइक मागून घेतला.

"महाराज, एक शंका. ह्या कॅमेऱ्यात आरपार कोण दिसतं?"

"फक्त गेलेले, बेटी. जिवंत माणूस ह्यात आरपार दिसणं शक्य नाही. लिहून घे."

अंतरानं पडद्यावर पहिला फोटो लावला. सिंहासनावर महाराज बसलेले आणि त्यांच्याच छातीतून दुसरे महाराज आशीर्वाद देत उभे. दोघेही आरपार.

"मग महाराज," अंतरानं अगदी काळजीनं विचारलं, "तुम्ही कधी वारलात?"

हिरवळीवर कोणीतरी फिसकन हसलं. पण महाराज कच्चे नव्हते. त्यांनी डोळे मिटले. "मी जीवन्मुक्त आहे. दोन्ही लोकांत माझा वावर असतो." पुढच्या रांगेनं जयजयकार केला!

"बरोबर," अंतरा म्हणाली आणि तिनं दुसरा फोटो लावला. महाराजांच्या डोक्यावर, जटांमधून शेपूट काढून, पारदर्शक मोती बसलेला होता. जिवंत मोती त्याच वेळी चित्राताईंच्या मांडीवरून भुंकला.

"हापण जीवन्मुक्त का?"

आता हशा थांबेना. हसू ओसरल्यावर अंतरानं चित्राताईंच्याच हातात कॅमेरा दिला. चावी न फिरवता खटका दोनदा दाबायला लावला आणि एकाच जागी दोन फोटो कसे बसतात ते सांगितलं. चित्राताई लाल होऊन म्हणाल्या, "अय्या, एवढंच?" महाराज मागच्या मागं आपल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. पण गेटबाहेर नेहमीची कोंडी होती. पाऊण तास त्यांची गाडी जागची हलली नाही आणि भक्त कठड्यावरून ती बघत उभे राहिले.

काकू मात्र हसली नव्हती. मोठ्या फोटोजवळ जाऊन, डोळे बारीक करून बघत होती. "मग ह्यांचा हात? तो तर खरा आहे ना?"

"खरा आहे. पण हा फोटो काकानं स्वतः काढलेला नाही, काकू. कोणीतरी समोर उभं होतं."

काकूनं फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं. मग एकदम खुर्चीत बसली.

"मीच गं. जायच्या आठवड्यात. जन्मभर हे माझेच फोटो काढायचे, म्हटलं आज मी काढते. चावी ह्यांनीच फिरवून दिली. मी डबा धरला तर हात वर करून ओरडले, थांब, थांब, शर्ट घालून येतो! मी ऐकलं नाही. दाबून टाकला." ती रडत होती आणि तिला हसूही येत होतं. "एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच नाही ऐकलं."

सोमवारी अंतरा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्याची कडेची नजर ह्या महिन्यात आणखी कमी झाली आहे आणि ती आता येणार नाही. उरलेली राखता येईल. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

तेव्हा वाचकहो, गेलेल्या माणसावर प्रेम जरूर करा, त्याचा फोटो भिंतीवर लावा, त्याच्याशी बोलासुद्धा. पण त्याच्या वतीनं दुसरा कोणी बोलायला लागला, तर हात जोडण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: हे झालं कसं? काकूनं तो विचारला, पण महिनाभर उशिरा, आणि त्या उशिराची किंमत तिच्या डाव्या डोळ्यानं मोजली. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.